गुरुजींचं लायसन्स: 21 दिवसांची एक केस

ऑक्टोबर 2023 मध्ये गुरुजींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "ताई, बाबांना त्र्याहत्तर पूर्ण झाली. आता गाडीच्या इन्शुरन्सचा हप्ता किती चढेल?" त्याचा एक मित्र लंडनला असतो. तिकडे सत्तरी ओलांडली की हप्ता वाढत जातो आणि लायसन्स दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं, असं त्या मित्राने सांगितलेलं. मी म्हटलं, "एक रुपयासुद्धा चढणार नाही." ते बरोबर होतं. कोटेशन काढताना मी त्याच्या समाधानासाठी जन्मसाल 1950 चं 1980 करून पाहिलं आणि आकडा तोच आला. तो खूश झाला, मीही झाले.

त्याच फोनवर मी "बाबांचं लायसन्स कधी संपतंय?" एवढं एक विचारायला हवं होतं. ते राहिलं. पुढची सगळी केस त्या न विचारलेल्या प्रश्नाची आहे, म्हणून ती लिहून काढते आहे. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही, आणि आकडे थोडे गोळाबेरीज केले आहेत. हिशोबाची रीत मात्र जशीच्या तशी आहे.

मी चिपळूणला मोटार विम्याचं काम करते. गुरुजींनी मला पाचवीला गणित शिकवलंय. ते गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या गावात राहतात. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. घरात दोघंच. बाजार शृंगारतळीला, डोळ्यांचा आणि हाडांचा डॉक्टर चिपळूणला, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. एसटी आहे, पण ती घाटीच्या वर हमरस्त्याला थांबते. काकूंचे गुडघे ती घाटी चढू देत नाहीत. रिक्षा बोलवायची तर आदल्या दिवशी सांगून ठेवायची, आणि पावसात तो येईलच असं नाही. पुण्यात बसून "बाबा, गाडी विकून टाका" म्हणणं सोपं आहे. इथे गाडी गेली की औषध, बँक, देऊळ, बारसं, दहावं सगळंच दुसऱ्याच्या सवडीवर जातं. म्हणून वयस्कर माणसाची गाडी हा माझ्या दृष्टीने चैनीचा विषय कधीच नव्हता.

गाडी 2016 च्या ऑक्टोबरमध्ये घेतलेली, पेट्रोल हॅचबॅक, 1197 सीसी, एमएच 08 पासिंगची. आठ वर्षांत अठ्ठावीस हजार किलोमीटर. शेडमध्ये, वर जुनी ताडपत्री.

त्या वर्षीचा हप्ता असा होता. थर्ड पार्टीचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईसाठीचे, 3,416 रुपये. हा दर सरकार ठरवतं, 1 जून 2022 पासून 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीला तो लागू झाला, आणि चालवणारा अठरा वर्षांचा असो की ऐंशीचा, तो बदलत नाही. दुसरा भाग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, ज्याला आम्ही ओडी म्हणतो. हा दर 1 जानेवारी 2007 पासून कंपन्या आपापला ठरवतात, म्हणून दोन कंपन्यांच्या कोटेशनमध्ये फरक दिसतो तो इथे. गुरुजींच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती धरलेली किंमत, 2,60,000 होती. ओडी 4,360 येत होता. सलग वर्षं क्लेम नसल्याने त्यावर 50 टक्के सूट, जिला नो क्लेम बोनस म्हणतात, म्हणून उरले 2,180. तिसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा, 15 लाखांच्या कव्हरला 375 रुपये. बेरीज 5,971, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 7,046.

मुलाने विचारलं, "गाडी जुनी झाली, नुसता थर्ड पार्टी घेतला तर?" वाचणार होते ओडीचे 2,180 आणि त्यावरचा कर, म्हणजे 2,572 रुपये. मी ठाम नको म्हटलं. कारण गाडीचा पत्रा नव्हता, काकू होत्या. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीत शेजारी बसलेलं माणूस धरलेलं नसतं. थर्ड पार्टी आणि ओडी दोन्ही असलेल्या पूर्ण पॅकेज पॉलिसीत मात्र ते धरलं जातं, असं विमा नियामकाने नोव्हेंबर 2009 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. गुरुजी एकटे कधी गाडी काढतच नाहीत. शेजारच्या सीटवर काकू असतातच, मांडीवर पिशवी घेऊन. अडीच हजार वाचवायचे म्हणून त्यांना उघड्यावर सोडायचं हे मला पटलं नाही, अजूनही पटत नाही.

मुलाची आणखी एक सूचना होती, गाडी त्याच्या नावावर करून घ्यायची. म्हणजे कागदपत्रांची कटकट बाबांना नको. ऐकायला चांगलं, पण तेही मी मोडून काढलं. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नाव बदललं की गुरुजींचे 50 टक्के या गाडीवरून गेले. आणि तो 15 लाखांचा अपघात विमा फक्त मालकाला. गाडी मुलाच्या नावावर आणि चालवणारे गुरुजी, अशा स्थितीत गुरुजींना काही झालं तर त्या कव्हरमधून एक पैसा मिळाला नसता. घरोघरी मुलं प्रेमाने हे करतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

इतकं सगळं बारकाईने बघितलं, आणि लायसन्स राहिलं.

2 जुलै 2024

भातलावणीचे दिवस. गुरुजी आणि काकू शृंगारतळीहून औषधं घेऊन परत येत होते. हमरस्ता सोडून गावाकडे उतरणारी पाखाडीसारखी अरुंद सडक, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, त्यावर हिरवं शेवाळ, वर पावसाची रिपरिप. वळणावर समोरून मोटारसायकल आली. गुरुजींनी डावीकडे घेतलं, ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि गडग्याला घासत जाऊन थांबली. मोटारसायकलवाला गाडीच्या मागच्या कोपऱ्याला लागून पडला. त्याचं मनगट मोडलं. काकूंचं गळपट्टीचं हाड मोडलं. गुरुजींना खरचटलंसुद्धा नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

काकूंनी दवाखान्यातून मला फोन केला. आवाज शांत होता. "अगं, ह्यांचं काही ऐकू नकोस. हे म्हणतायत माझीच चूक. आधी काय करायचं ते सांग." मी सांगितलं ते सगळे सांगतात तेच: फोटो काढा, गाडी हलवू नका, पोलिसांत कळवा, मी कंपनीला लगेच कळवते. अंदाज 50 हजारांच्या वर जाणार हे दिसत होतं, म्हणजे नुकसान तपासायला परवानाधारक सर्व्हेयर येणार.

सर्व्हेयर तिसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये आला. तरुण मुलगा होता, नीट बोलणारा. चेसिस नंबर, फोटो, मग म्हणाला, "काका, लायसन्स." गुरुजींनी पाकिटातून कार्ड काढलं. ते एका प्लास्टिकच्या पाकिटात होतं, आणि ते प्लास्टिक इतकं पिवळं पडलेलं की आतला फोटोसुद्धा धुरकट. सर्व्हेयरने कार्ड बाहेर काढलं, अंगठ्याने पुसलं, उजेडाकडे धरलं. मग माझ्याकडे बघितलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. कार्डावर मुदत होती 11 जून 2024.

21 दिवस.

गुरुजी म्हणाले, "अरे, महिनाभर चालतं ना? मला आरटीओतच सांगितलं होतं." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी लायसन्स जून 2019 मध्ये नवं केलं, तेव्हा कायद्यात तसं होतंच. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन्स चालू समजत. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत ती सवलत निघाली. आता मुदत संपली त्या दिवशी लायसन्स संपतं. आधी एक वर्ष किंवा नंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण नवी मुदत नूतनीकरण झाल्या दिवसापासून धरतात. मधले दिवस कोरे. वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. पंचावन्न वर्षांच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं, म्हणजे तरुणपणी एकदा काढून विसरून जायची जी सवय लागलेली असते, ती नेमकी म्हातारपणी महागात पडते.

गुरुजींनी नियम पाळला होता. तो नियम पाच वर्षांपूर्वीचा होता. त्यांना बदल कोणी सांगितला नाही, आणि सांगायचं काम माझं होतं. माझ्या वहीत त्यांच्या पॉलिसीची तारीख होती, पीयूसीची होती. लायसन्सची नव्हती.

किती गेलं

वर्कशॉपचं बिल 86,400 झालं. क्लेम चालला असता तर किती मिळालं असतं, हे मी गुरुजींना त्यांच्याच पद्धतीने, रेघ मारून, उजवीकडे आकडे लिहून दाखवलं. गाडी पाच ते दहा वर्षांच्या मधली, म्हणून पत्र्याच्या भागांवर 40 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात: 28,000 चे 16,800. बंपर, हेडलॅम्प वगैरे प्लास्टिकवर 50 टक्के, गाडी कितीही नवी असो: 24,000 चे 12,000. काचेला घसारा नाही, 6,400 पूर्ण. मजुरी 14,000 पूर्ण. रंगकाम 12,000. त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि तेवढ्यावरच 50 टक्के कापतात, म्हणजे 1,500 वजा, उरले 10,500. कूलंट, नटबोल्ट वगैरे 2,000 मिळत नाहीत. बेरीज 59,700, त्यातून सक्तीची वजावट 1,000. हातात 58,700.

म्हणजे सगळं सुरळीत असतं तरी 27,700 खिशातले गेलेच असते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण "फुल इन्शुरन्स आहे" म्हणणाऱ्या माणसाला बिलाच्या वेळी धक्का बसतो तो इथे. झिरो डेप घेतला की हा घसारा कापत नाहीत, पण आठ वर्षांच्या गाडीला तो सहसा देत नाहीत.

कंपनीने क्लेम नाकारला. पत्रात दोन ओळी: अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध परवाना नव्हता, पॉलिसीच्या ड्रायव्हर क्लॉजचा भंग. मी तक्रार कक्षाकडे लिहिलं. 3 ऑगस्टला लायसन्स नवं झालं होतं, त्याची प्रत जोडली, 50 वर्षांत एकही अपघात नाही हेही लिहिलं. उत्तर तेच. पुढची पायरी विमा लोकपाल होती, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुलगा म्हणाला जाऊया. मी अडवलं. कायद्याची भाषा सरळ होती आणि तारीख आमच्या विरुद्ध होती. चार महिने गुरुजींना आशेवर ठेवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या कोणी लढावं असं म्हटलं असतं. माझा निर्णय हा होता.

मोटारसायकलवाल्या मुलाचं पुढे. तो शेजारच्या वाडीतला, बोटीवर जाणारा. मनगट मोडलं म्हणजे हंगाम गेला. त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या मुदतीत अर्ज केला, आणि तो त्याचा हक्कच होता. गुरुजींनी एकदाही त्याला "मागे घे" म्हटलं नाही. थर्ड पार्टीच्या बाबतीत कायदा जखमी माणसाकडून उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वरणसिंग निकालापासून रीत अशी की मालकाने अट मोडली असली तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. लोकअदालतीत 1,20,000 वर तडजोड झाली. मुलाला पैसे कंपनीकडून वेळेवर मिळाले. गुरुजींनी ते कंपनीला दोन हप्त्यांत फेडले.

काकूंचा प्रश्न नाजूक होता. पॅकेज पॉलिसी असल्याने त्यांनाही दावा लावता आला असता. त्या म्हणाल्या, "नवऱ्यावर कसला दावा लावायचा? लोक काय म्हणतील?" दावा नवऱ्याशी भांडण नसतो, कंपनीकडून पैसे यावेत म्हणून असतो, हे मी दोनदा सांगितलं. पण या केसमध्ये कंपनी शेवटी गुरुजींकडूनच वसूल करणार, म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात. तो विषय तिथेच संपला.

एकूण: दुरुस्ती 86,400, तडजोड 1,20,000, विनापरवाना चालवल्याचा दंड 5,000. दोन लाख अकरा हजार चारशे. लायसन्स चालू असतं तर त्यांना पडले असते 27,700 आणि बुडालेला बोनस.

बोनस किती बुडाला असता, तेही गुरुजींना हवं होतं, कारण गणित अर्धं सोडायची त्यांना सवय नाही. एकदा क्लेम घेतला की बोनस शून्यावर येतो, मग 20, 25, 35, 45 असं चढत पुन्हा 50 ला पोचायला पाच वर्षं. मूळ ओडी 4,360 तसाच धरला, तर पहिल्या वर्षी 2,180 जास्त, मग 1,308, 1,090, 654, 218. बेरीज 5,450, करासह 6,431. म्हणजे एकूण चौतीस हजार. चौतीस हजार आणि दोन लाख अकरा हजार, यातला फरक एका पिवळ्या प्लास्टिकच्या पाकिटाचा होता.

हाच 6,431 चा आकडा आधीही एकदा कामाला आला होता. 2022 मध्ये शेड दुरुस्तीला काढलेली असताना माडाखाली लावलेल्या गाडीवर नारळ पडला, बॉनेटला खळगा. नारळ पडणं हे बाहेरून झालेलं अपघाती नुकसान, ते पॉलिसीत बसतं. पण काम होतं 5,200 चं, वजावट आणि घसारा जाऊन हातात चार हजारही आले नसते, आणि बोनस सहा हजारांवर गेला असता. तेव्हा क्लेम करू दिला नव्हता. कोकणात माड, झाप, फांद्या यांचे असले क्लेम दरवर्षी येतात आणि लोक घाईने चार हजारांसाठी बोनस घालवतात.

आणि जे नुसतं बोलायलाही नको वाटतं: त्या दिवशी गुरुजी गेले असते, तर 15 लाखांच्या अपघात विम्यातून काकूंना काहीही मिळालं नसतं. ते कव्हर चालू लायसन्स असलेल्या मालकालाच असतं. 375 रुपये भरलेले असून. लायसन्स संपलेल्या आणि नवं न करणार असलेल्या मालकाकडून ते घ्यायचेच नसतात, हेही इथे सांगते. ज्यांनी गाडी चालवणं सोडलंय, ड्रायव्हर ठेवलाय, त्यांनी आपल्या पॉलिसीत ही ओळ शोधावी.

पुढची पॉलिसी

ऑक्टोबर 2024 मध्ये नूतनीकरणाला मी स्वतः गावी गेले, फोनवर केलं नाही. मुलगाही आलेला. त्याचं म्हणणं, आता बास. गुरुजी गप्प होते, नुसते सुपारी कातरत होते. काकू म्हणाल्या, "गाडी गेली तर मी या घरात कैदी." मग कोणी काही बोललं नाही.

मी गाडी विका किंवा ठेवा असं काहीच सांगितलं नाही. लायसन्सच्या अर्जात स्वतःच्या प्रकृतीबद्दल जाहीर करायचं असतं, त्यात एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का? माणसं त्यापुढे "होय" लिहून मोकळी होतात. चाळीशीच्या पुढच्यांना डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं, तेही किती तपासून मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही आम्हाला कधी न बघता उत्तर लिहू दिलं नाहीत." मुलाने त्याची पुण्याची गाडी फाटकाबाहेर उभी केली, टेप धरून खळ्यातून अंतर मोजलं. गुरुजी तिथे उभे राहिले. दुपारी चारला त्यांनी नंबर पूर्ण वाचला, अक्षरांसकट, एका दमात. मग साडेसहाला, दिवेलागणीला, मीच पुन्हा विचारलं. या वेळी मुलाने प्लेटवर कागद लावून त्यावर दुसरा आकडा लिहिला होता. गुरुजींनी 8 चा 3 वाचला. दुसऱ्यांदाही 3 वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि स्वतःच म्हणाले, "पाचनंतर गाडी काढणार नाही."

एका डोळ्याचा मोतीबिंदू 2023 ला काढला होता. दुसरा राहिला होता. तो त्यांनी त्या डिसेंबरमध्ये काढून घेतला.

पॉलिसी पुन्हा पॅकेजच घेतली. आयडीव्ही 2,40,000 ठेवली. एका कंपनीने 1,80,000 ची आयडीव्ही लावून हप्ता तीन-चारशेने कमी दाखवला होता. पाच वर्षांच्या पुढच्या गाडीची किंमत दोन्ही बाजूंनी ठरवायची असते, त्यामुळे असं करता येतं, पण गाडी वाहून गेली तर हातात तेवढेच येतात. 2022 पासून किलोमीटरवर हप्ता ठरणारी कव्हरंही निघाली आहेत, चालवाल तेवढं भरा अशी. वर्षाला तीनेक हजार किलोमीटर फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ती चांगली, मीटरचा फोटो पाठवायचा. गुरुजींच्या गाडीला ओडीच इतका कमी होता की फरक शंभर-सव्वाशेचा पडत होता, म्हणून घेतली नाही. नवीन गाडी असती तर घ्यायला लावली असती. मुलगा स्वतःची पुण्याची गाडी बाबांना देतो म्हणत होता. पुणे हे विम्याच्या अ झोनमध्ये येतं, रत्नागिरी जिल्हा ब मध्ये. जुन्या दरपत्रकाने 2,60,000 च्या गाडीवर फरक अडीचशे रुपयांचाच, तेव्हा तेही महत्त्वाचं नव्हतं.

महत्त्वाचे होते पन्नास रुपये. वाडीतला एक मुलगा चिपळूणच्या फेरीला ड्रायव्हर म्हणून येतो, दिवसाचे आठशे घेतो. पगारी ड्रायव्हरला काही झालं तर मालकाची जी कायदेशीर जबाबदारी येते तिचं कव्हर वर्षाला 50 रुपयांत मिळतं. ते घेतलं. त्याच्या लायसन्सचाही फोटो मी काढून घेतला, मागून-पुढून.

पुराचंही बोलून घेतलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घरांच्या पहिल्या मजल्याला लागलं, तेव्हा मी पुढचे महिने बुडालेल्या गाड्यांचेच कागद केले. पाण्याने गाडी भिजली हे साध्या पॅकेज पॉलिसीत येतं. पण पाणी ओसरल्यावर माणसाने किल्ली फिरवली, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि ते आतून मोडलं, की कंपनी म्हणते हे पुराने झालं नाही, चालू केल्याने झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं आणि तेही जुन्या गाडीला अवघडच. गुरुजींना मी एवढंच सांगितलं: जुलैत चिपळूणला आलात तर गाडी बाजारपुलाच्या बाजूला लावू नका, वर लावा, आणि पाणी लागलंच तर सेल्फ मारू नका, मला फोन करा. टोइंगचे पैसे मिळवता येतात. सेल्फ मारलेलं इंजिन मिळवता येत नाही.

हप्ता झाला सात हजारांच्या आतच. वय चौऱ्याहत्तर, आणि मागच्या वर्षीपेक्षा शंभरएक रुपये कमी.

नवं कार्ड 2 ऑगस्ट 2029 पर्यंत आहे. प्लास्टिकचं पाकीट काकूंनी फेकून दिलं. घरातल्या कालनिर्णयावर गुरुजी दर वर्षी नवं टांगलं की पहिल्यांदा ऑगस्टच्या पानावर पेन्सिलीने 2029 लिहून गोल करतात. माझ्या वहीत पॉलिसीच्या तारखेशेजारी आता एक रकाना आहे, साठीच्या वरच्या प्रत्येकासाठी. तो भरायला मला पूर्ण नोव्हेंबर लागला. दापोलीपासून राजापूरपर्यंत फोन केले, "काका, कार्ड हातात घ्या आणि मला तारीख वाचून दाखवा" म्हणून. चार जणांची मुदत उलटून गेली होती. त्यातले एक त्या क्षणी गाडी घेऊन लांज्याला जायला निघाले होते. त्यांनी अंगणातच गाडी बंद केली आणि सुनेला हाक मारली.